हातचा

आमच्या आपामला मूल नाव घेऊनच येतं,
ज्या वारी जन्मलं, त्या वाराचं.
मी शनिवारचा, म्हणून आतो.
ती मंगळवारची, अराबा.
देवळात दानही गोळा होतं वारावारीनं:
सोमवारचे उठतात, नाचत पुढे जातात, पेटीत टाकतात,
मग मंगळवारचे, मग बुधवारचे,
ढोल काही थांबत नाहीत,
आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मी. खजिनदार.
चौतीस वर्षं गणित शिकवलं,
बेरजेत हातचा विसरणाऱ्या पोरांचे कान पिळले.

शेवटी आकडे वाचतो, मोठ्यानं.
शुक्रवारवाले पहिले: टाळ्या.
मंगळवारवाले शेवटचे: हशा.
देवासमोर चढाओढ बरी नव्हे,
असं पाळकांना एकदा म्हणालो होतो.
ते म्हणाले, "आतो, छपराचे पत्रे चढाओढीनंच आलेत."
वर बघितलं. पत्रे होते. गप्प बसलो.

अराबा मासळीला धुरी देते.
मातीच्या गोल भट्ट्या चार, डोळे बारमाही लाल.
होडीवाल्यांना तेलासाठी आगाऊ पैसे देते,
मासळी लागली की वळते करून घेते.
तिला लिहिता येत नाही.
कुणाकडे किती, ते मी लिहायचो
कोळशानं, तिच्या भट्टीघराच्या भिंतीवर.
फिफीचे आकडे छपरापासून निघून
खिडकीपर्यंत उतरले होते.
चार हजार दोनशे सेडी. बेरीज माझीच.

जुलैत फिफीची होडी उलटली.
माणसं पोहत आली.
इंजिन गेलं, जाळं गेलं,
धाकट्या भावाचा आवाज गेला,
तो अजून बोलत नाही.

सुगीचा रविवार तोंडावर आलेला.
कोण काय देणार, मी घरोघर लिहून घेत होतो.
तिच्या दारात पोचलो, तर
कोपरापर्यंत चिखल. बाई भिंत सारवत होती.
"अराबा, आकडे?"
"पोपडे धरले होते रे."
"पण फिफीचे?"
"ओली आहे. टेकू नकोस."

त्या पैशांत तिची नवी भट्टी यायची होती,
धूर वरच्या वर नेणारी, डोळ्यांत न सोडणारी.
केप कोस्टला जाऊन किंमत मीच काढून आणलेली.
म्हणालो, थोडं तरी हातचं राखायचं.
"हातचं म्हणजे काय, मास्तर?"
आणि दोन्ही हात पुढे धरले,
चिखलाचे, बोटं पसरून.
मग पुन्हा भिंतीकडे वळून, पाठमोरीच:
"रोज रात्री म्हणायचं, देवा, आमचं सोड.
आणि सकाळी हिच्यासमोर बसून भट्टी पेटवायची.
जमेना."

रविवारी मंगळवारचे उठले.
ती सगळ्यांच्या मागे, नाचत, नव्या रुमालात,
पेटीत दोन सेडींचं नाणं. वाजलं.
मी आकडे वाचले.
मंगळवार, शेवटचे. हशा.
सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

रात्री तीनदा बेरीज केली.
पै न पै जुळली.
चुकली असती तर बरं होतं,
चूक शोधण्यात रात्र गेली असती.
फिफीच्या घरी म्हणे चूल पेटली होती,
जाळ्याचा नवा दोर कुणी उधार दिला होता,
देणारं आता कुणी मागे नव्हतं त्याच्या,
म्हणजे, एक सोडून.

कारण माझ्याही वहीत फिफी आहे.
पान सत्तावीस. तीनशे सेडी.
निळी शाई, रेघ मारलेली, सही घेतलेली.
रोज उघडतो ते पान, रोज मिटतो.
शाईवर माती बसत नाही,
एवढं कारण
सध्या पुरवून पुरवून वापरतोय.